पुसून पुन्हा लिहिलेले

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर, एका उथळ लाकडी पेटीत, काचेखाली, तळहाताएवढी एक चौकट ठेवलेली आहे. लांबून ती जुन्या चाळणीच्या जाळीसारखी दिसते. जवळ गेल्यावर लक्षात येते की जाळीच्या तारा तांब्याच्या आहेत, केसाहून थोड्याच जाड, आणि आडवी तार जिथे उभ्या तारेला छेदते तिथे प्रत्येक ठिकाणी राईच्या दाण्याएवढी एक काळी कडी अडकवलेली आहे. या कड्या सपाट पडलेल्या नाहीत. त्या कडेवर उभ्या आहेत, एक डावीकडे कललेली तर शेजारची उजवीकडे, जशी गव्हाच्या लोंबीत दाण्यांची मांडणी असते. ६४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ६४ कड्या, म्हणजे एकूण ४,०९६. भिंग धरून पाहिले तर प्रत्येक कडीच्या इवल्याशा भोकातून दोन नव्हे, चार तारा गेलेल्या दिसतात.

१९८७च्या पावसाळ्यात ही चौकट मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, जुन्या यंत्रांचे सुटे भाग किलोच्या भावाने विकणाऱ्या एका दुकानात मिळाली. त्या वेळी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ती कशाची आहे हे दुकानदाराला ठाऊक नव्हते आणि तांब्याच्या वजनापलीकडे त्याला तिच्यात रसही नव्हता. मला मात्र पाठ्यपुस्तकातल्या एका धूसर छायाचित्रामुळे ती पाहताक्षणी ओळखता आली. ती कोणत्या तरी जुन्या संगणकाची स्मृती होती, कोअर मेमरी. एका कडीत एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक एकांक. आजच्या पद्धतीने देवनागरीचे एक चिन्ह साठवायला २४ बिट लागतात. त्या हिशेबाने या सबंध चौकटीत जेमतेम १७० चिन्हे मावतील, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तिच्यात बसणार नाही.

ही चौकट समोर ठेवून संगणकाच्या इतिहासाविषयी जे जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि हळूहळू माझी खात्री होत गेली की तो इतिहास आपण भलत्याच टोकाकडून सांगतो. कोणाचे यंत्र किती भराभर बेरजा करत होते याची ती गोष्ट होऊन बसते. वास्तविक बेरीज करणे यंत्राला फार पूर्वीपासून जमत होते. पास्कालचे दातेरी चाकांचे यंत्र सतराव्या शतकातले आहे. घोडे अडले होते ते लक्षात ठेवण्यापाशी. केलेली बेरीज पुढच्या पायरीपर्यंत धरून कुठे ठेवायची, आणि हवी तेव्हा ती नेमकी परत कशी मिळवायची, या प्रश्नाशी ज्यांनी झुंज घेतली त्या माणसांविषयी मला विशेष आस्था वाटते, कारण त्यांच्यावाचून बाकीच्यांची सगळी हुशारी खोळंबून राहिली असती.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉक्ली यांनी उभारलेला एनिॲक हा या अडचणीचा सर्वांत ठळक नमुना. १९४५च्या अखेरीस तो चालू झाला तेव्हा त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, म्हणजे विजेचा प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, होते, त्याचे वजन ३० टन होते आणि तो सेकंदाला ५,००० बेरजा करू शकत होता. एवढ्या अवाढव्य यंत्राला एका वेळी लक्षात राहत होत्या त्या दहा अंकी २० संख्या. व्हॉल्व्हमध्ये एकच अंक धरून ठेवायचा तरी ३०हून अधिक व्हॉल्व्ह खर्ची पडत, त्यामुळे स्मृती वाढवायची म्हणजे खोल्याच्या खोल्या भरत जायचे. करायच्या कृतींची यादी तर यंत्राच्या स्मृतीत नव्हतीच; नवे गणित घालायचे झाले की केबली उपसून दुसरीकडे खोचायच्या आणि खटके फिरवायचे, आणि या कामात दिवसच्या दिवस जात. एनिॲक पूर्ण होण्याआधीच एकर्टला ही उणीव पुरती कळली होती, आणि उपायही त्याच्या हाताशी होता, कारण युद्धकाळात त्याने रडारसाठी पाऱ्याच्या नळ्यांवर काम केले होते.

रडारला अडचण होती ती डोंगर आणि इमारती यांच्यावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनींची. ते पुसून टाकून हलणारे विमान तेवढेच पडद्यावर दिसावे यासाठी आधीचा प्रतिध्वनी क्षणभर धरून ठेवायचा आणि पुढचा आला की त्यातून तो वजा करायचा, अशी युक्ती होती. हे क्षणभर धरून ठेवणे पाऱ्याने केले. नळीच्या एका टोकाला क्वार्ट्झचा स्फटिक बसवलेला असे. विजेचा स्पंद आला की तो थरारे, त्या थराराची ध्वनिलहर पाऱ्यातून पलीकडे जाई, आणि तिथला दुसरा स्फटिक तिची पुन्हा वीज करी. विजेच्या मानाने ध्वनी फारच सावकाश चालतो. पाऱ्यात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर, त्यामुळे दीड मीटरची नळी ओलांडायला त्याला एक सेकंदाचा हजारावा भाग लागे. पलीकडे पोहोचलेला स्पंद नीटनेटका करून पुन्हा अलीकडच्या टोकाला सोडला, की तो नळीत अखंड फिरत राहणार, आणि एकामागोमाग शेकडो स्पंद सोडले तर त्यांची रांगच्या रांग फिरत राहणार, हे एकर्टने हेरले.

लहानपणी आई मला वाण्याकडे पाठवी तेव्हा चिठ्ठी देत नसे. ‘पावशेर चहा, अर्धा किलो साखर, हिंगाची डबी’ असे पुटपुटत मी गल्ली ओलांडायचो, शेवटच्या शब्दापाशी आलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, आणि मध्येच कोणी हाक मारली की हिंगाची डबी हमखास निसटायची. पाऱ्याच्या नळीचे वर्णन पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या गल्लीतला तो रस्ताच आठवला. नळीतली संख्या कोणत्याही क्षणी एका जागी नसते; ती सतत वाटेवर असते, आणि पोहोचली की तिला पुन्हा वाटेला लावावे लागते. हवी असलेली संख्या वाचायची तर ती फिरून दाराशी येईपर्यंत वाट पाहायची.

या कल्पनेचे चालते-बोलते यंत्र झाले ते केंब्रिजमध्ये. मॉरिस विल्क्स हे १९४६च्या उन्हाळ्यात मूर स्कूलमधील व्याख्यानांना गेले, पोहोचायला त्यांना उशीरही झाला, आणि परतीच्या प्रवासात क्वीन मेरी जहाजावरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा कागदावर उतरवायला घेतला. एडसॅक हे त्या यंत्राचे नाव. विल्क्स यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो: त्यांना जगातले सर्वांत वेगवान यंत्र करायचे नव्हते, गणितज्ञांना आणि शास्त्रज्ञांना रोज वापरता येईल असे यंत्र हवे होते, आणि म्हणून त्यांनी जाणूनबुजून बेताचा वेग निवडला. पाऱ्याच्या नळ्यांची रचना करताना त्यांना टॉमी गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाची मदत झाली. युद्धात त्याने याच नळ्यांवर काम केले होते आणि पुढे तो खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावाजला गेला. पारा निवडण्यामागे साधे पण पक्के कारण होते: ध्वनीला पारा आणि क्वार्ट्झ हे जवळजवळ सारखेच ‘जड’ वाटतात, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना लहर फारशी मागे उसळत नाही. पाऱ्याची खोड अशी की तापमान बदलले की त्यातला ध्वनीचा वेगही बदलतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने पाऱ्याऐवजी जिन ही दारू वापरावी असे सुचवले होते, आणि त्यामागे गंभीर विचार होता: पाणी आणि मद्यार्क यांच्या ठराविक मिश्रणात सामान्य तापमानाला ध्वनीचा वेग जवळजवळ ढळत नाही. ६ मे १९४९ रोजी एडसॅकने ० पासून ९९ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग छापून दिले. शाळेतल्या मुलालाही येणारा तो तक्ता होता, पण तो काढण्याच्या सगळ्या सूचना यंत्राच्या पोटात, पाऱ्यात फिरत होत्या.

त्याआधीच मँचेस्टरमध्ये फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दुसराच रस्ता धरला होता. हे दोघेही रडारच्याच कामातून आलेले. त्यांनी साधी चित्रनळी घेतली, जुन्या टीव्हीत असे तशी. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर जिथे आदळतो तिथे विद्युतभाराचा एक ठिपका मागे राहतो, आणि ठिपक्याचे दोन प्रकार केले की शून्य आणि एक असा भेद करता येतो. ठिपका तिथल्या तिथे सापडत असल्याने पाऱ्यासारखी त्याच्या फेरीची वाट पाहावी लागत नाही. परंतु तो भार सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ओसरून जातो. यावर त्यांचा उपाय असा की ओसरण्याच्या आत प्रत्येक ठिपका वाचायचा आणि जसा वाचला तसा पुन्हा लिहायचा, आणि हे अविरत करत राहायचे. ही नळी खरोखर चालते का हे तपासण्यापुरते त्यांनी जेफ टूटिल यांच्यासह एक छोटे यंत्र जोडले. पुढे ते ‘बेबी’ या नावाने ओळखले गेले. त्याच्या स्मृतीत ३२ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत ३२ बिट. २१ जून १९४८ रोजी किलबर्नने लिहिलेल्या १७ सूचना त्या नळीत भरल्या गेल्या आणि यंत्राने ५२ मिनिटे खपून २,६२,१४४ या संख्येचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक १,३१,०७२ हा शोधून काढला. उत्तर आधीच माहीत होते. स्मृती इतका वेळ न विसरता तग धरते का, एवढेच पाहायचे होते. शेजारच्या पडद्यावर तिच्यातले ठिपके डोळ्यांनी दिसत. आधीच्या कित्येक प्रयत्नांत ते ठिपके वेडेवाकडे नाचून भलतीकडेच जात, आणि त्या दिवशी ते थांबले तेव्हा उत्तर जिथे दिसायला हवे तिथे लखलखत होते, असे विल्यम्सने पुढे सांगितले आहे. स्मृतीतच ठेवलेल्या सूचना वाचून चाललेला इलेक्ट्रॉनिक संगणक तो पहिलाच. अशा माणसांची नावे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही सहसा माहीत नसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

माझ्या चौकटीचा वंश मात्र निराळा आहे, आणि तो जे फॉरेस्टरपाशी सुरू होतो.

फॉरेस्टर अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, गुरांच्या मोठ्या रानात वाढला. शाळेत असतानाच त्याने टाकाऊ वस्तूंतून वाऱ्यावर चालणारे जनित्र उभारले आणि घरी पहिल्यांदा वीज आणली. पुढे एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठात त्याच्याकडे व्हर्लविंड हे यंत्र आले. मूळ कल्पना होती नौदलाच्या वैमानिकांना जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्राची, आणि म्हणून व्हर्लविंडला तत्क्षणी उत्तर देणे भाग होते. वैमानिकाने दांडा ओढल्यावर ‘थांबा, संख्या फिरून येऊ द्या’ असे म्हणण्याची सोय नव्हती. पारा त्यामुळे बाद झाला. चित्रनळ्यांसारख्या खास नळ्या त्यांनी स्वतः तयार केल्या, पण त्या महाग होत्या, लहरी होत्या आणि फार काळ टिकत नव्हत्या. १९४९मध्ये एका मासिकात फॉरेस्टरच्या नजरेस डेल्टामॅक्स नावाच्या चुंबकीय पदार्थाची जाहिरात पडली. या पदार्थाचा गुण असा की त्याला थोडा धक्का दिला तर तो ढिम्म हलत नाही, आणि पुरेसा दिला की त्याच्या चुंबकत्वाची दिशा पूर्णपणे उलटते. त्याला अधलीमधली अवस्था जवळजवळ नसतेच.

या हट्टी स्वभावातच फॉरेस्टरला वाट दिसली. आपल्याकडे धान्याच्या कोठारात भरलेले पोते एकट्याच्या जोराने जागचे हलत नाही, पण दोघांनी एकदम रेटले की सरकते. चुंबकीय कडीतून दोन तारा न्यायच्या, एक आडवी आणि एक उभी, आणि प्रत्येकीत लागणाऱ्या विजेच्या निम्मीच वीज सोडायची. आडव्या तारेवरच्या सगळ्या कड्यांना अर्धा जोर लागतो, उभ्या तारेवरच्या कड्यांनाही तेवढाच, आणि कोणीही हलत नाही. दोन्ही तारा जिथे छेदतात त्या एका कडीला मात्र पूर्ण जोर मिळतो आणि ती एकटीच उलटते. माझ्या चौकटीत ४,०९६ कड्या आहेत, आणि त्यातली हवी ती निवडायला ६४ आडव्या आणि ६४ उभ्या, अशा १२८ तारा पुरतात. प्रत्येक कडीला स्वतंत्र तार द्यावी लागली असती तर कोअर मेमरी कधीच व्यवहारात आली नसती. किती सोपी युक्ती, असे आज कोणीही म्हणेल. परंतु कल्पना सुचण्यापेक्षा पुढची चार वर्षे मला अधिक मोठी वाटतात. विल्यम पॅपियन या विद्यार्थ्याने एकेक कडी तपासली. धातूच्या पट्टीच्या कड्या फार सावकाश उलटतात असे दिसल्यावर ते लोहाच्या संयुगांपासून भाजून केलेल्या, चिनी मातीसारख्या ठिसूळ फेराइट कड्यांकडे वळले. आणि केन ओल्सन या तरुण अभियंत्याने केवळ ही स्मृती पारखून पाहण्यासाठी वेगळा संगणक बांधला. ऑगस्ट १९५३मध्ये व्हर्लविंडमध्ये कड्यांच्या चौकटी बसल्या, आणि स्मृतीच्या डागडुजीत रोजचे तास जात होते ते थांबले.

एक अडचण उरतेच. कडीत शून्य आहे की एक हे बाहेरून पाहून कळत नाही. ते कळायला एकच मार्ग आहे: तिला शून्य करायचा प्रयत्न करायचा. ती आधीच शून्य असेल तर काही घडत नाही. ती एक असेल तर उलटते, आणि उलटताना तिच्यातून ओवलेल्या तिसऱ्या तारेत विजेची बारीकशी थरथर उठते. म्हणजे वाचले की पुसले गेले. या पेचावर फॉरेस्टरच्या थोडा आधीच हार्वर्डमध्ये ॲन वँग यांनी विचार केला होता. शांघायमध्ये जन्मलेले वँग १९४५मध्ये अमेरिकेत आले आणि हॉवर्ड आयकन यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. वाचताना मजकूर नष्ट होतो म्हणून ते काही आठवडे अडून बसले होते, आणि एके दिवशी हार्वर्डच्या आवारातून चालताना त्यांच्या लक्षात आले की नष्ट होऊ द्यावे. काय होते ते आता आपल्याला कळलेच आहे, मग लगेच तेच पुन्हा लिहून टाकावे. माझ्या चौकटीतली चौथी तार याच कामात लागते: पुन्हा लिहिताना जिथे शून्यच राहू द्यायचे तिथे ती कडीला उलटण्यापासून रोखते. पुढे या सगळ्याच्या पेटंटांवरून वर्षानुवर्षे वाद चालले. वँग यांनी आपले पेटंट १९५६मध्ये आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीला पाच लाख डॉलरला विकले, आणि फॉरेस्टरच्या पेटंटापोटी आयबीएमने १९६४मध्ये एमआयटीला १.३ कोटी डॉलर दिले. सात वर्षे ही कल्पना चालेल हे लोकांना पटवण्यात गेली आणि पुढची सात वर्षे ती त्यांना आधीच सुचलेली नव्हती हे पटवण्यात, अशा अर्थाचे फॉरेस्टरचे उद्गार प्रसिद्ध आहेत. श्रेय कोणाचे, असे मला विचारले तर मी म्हणेन की गर्दीतून एकाला हाक कशी मारायची हे फॉरेस्टरने सांगितले आणि त्याने उत्तर दिल्यावर त्याला पुन्हा जागेवर कसे बसवायचे हे वँग यांनी. एकाचे दुसऱ्यावाचून भागले नसते.

या दोघांची नावे पेटंटांवर आहेत. माझ्या चौकटीतल्या कड्या मात्र कोणी तरी हाताने ओवल्या आहेत, आणि ती माणसे कोण हे कळायला काही मार्ग नाही. काही वर्षांपूर्वी मी ती घेऊन पुण्यातल्या आमच्या पेठेतील पटवेकऱ्यांकडे गेलो. मंगळसूत्रे, पोती आणि मोहनमाळा गाठवून देण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले आहे. पायाच्या अंगठ्याला धागा ताणून ते बसले होते. हातातले काम संपवून त्यांनी चश्म्यावर दुसरे भिंग चढवले आणि चौकट दिव्याखाली धरून बराच वेळ निरखली.

“या आडव्या-उभ्या तारा सोप्या आहेत,” ते म्हणाले. “मणी सरळ मांडून घ्यायचे आणि सुई एका दमात आरपार. पण ही तिरपी जाणारी तार बघा. ही शेवटी घातलीय. तोवर भोक भरत आलेलं असणार. आणि तिला दर मण्यापाशी वळवावं लागलंय.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “यातला एखादा मणी फुटला तर?”

“तर त्याच्यातून गेलेल्या तारा काढून पुन्हा ओवायच्या.”

“म्हणजे बाईमाणसाचं काम असणार,” ते म्हणाले. “आमच्याकडंही बारीक पोत आमच्या आईच करायच्या. माझ्या हाताला ते नाही जमत.”

त्यांचा अंदाज बरोबर होता. तिरपी जाणारी तार म्हणजे कडी उलटल्याची थरथर टिपणारी तार, आणि ती शेवटीच ओवत. कारखान्यांत हे काम बहुतांशी बायकाच करत, सूक्ष्मदर्शकाखाली, सुया घेऊन. अपोलो यानांच्या संगणकाची गोष्ट तर आणखी पुढची आहे. त्यातल्या कायमच्या स्मृतीत ३६,८६४ शब्द होते आणि तिथे मजकूर कडीच्या चुंबकत्वात नव्हे, तारेच्या वाटेत साठवलेला होता. तार कडीच्या आतून गेली तर एक आणि बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅमच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून चौकटीतून सुई एकमेकींकडे पार करत, आणि चंद्रावर उतरण्याच्या सूचना अशा अक्षरशः ओवून तयार होत. ‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ यावरून आला असे आपण मानतो. ते यंत्रही ओवलेल्या ओळीच वाचत होते. एकदा ओवल्यावर मजकूर बदलायचा तर नवी चौकटच ओवावी लागे, त्यामुळे सूचना लिहिणाऱ्यांना उड्डाणाच्या पुष्कळ आधी आपले लिखाण संपवावे लागत असे.

अशी कड्यांची स्मृती आपल्या मुंबईतही उभी राहिली होती, हे मला पदविका मिळवून बरीच वर्षे झाल्यावर कळले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या पाठबळावर रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० नंतरच्या दशकात तरुणांचा एक छोटा गट जमला. त्यांतल्या बहुतेकांना संगणकाचा कसलाही पूर्वानुभव नव्हता. त्यांनी आधी एक लहान प्रायोगिक यंत्र करून पाहिले, ते १९५६मध्ये चालले, आणि मग पूर्ण आकाराचे यंत्र हाती घेतले. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर, आणि फेराइट कड्यांची २,०४८ शब्दांची स्मृती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे ८१,९२० कड्या, माझ्यासारख्या २० चौकटी. व्हर्लविंडमध्ये कड्या बसून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती, आणि अन्यत्र पारा आणि चित्रनळ्या अजून चालू होत्या. अशा वेळी सर्वांत नव्या स्मृतीला हात घालण्याचे धाडस या मंडळींनी केले. १९६०च्या फेब्रुवारीत यंत्र रीतसर कामाला लागले, आणि जानेवारी १९६२मध्ये कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन करायला पंडित नेहरू आले तेव्हा त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. १९६४मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा तयार संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. ते यंत्र जुन्या तंत्राचे होते, पटकन मागे पडले, असा शेरा त्याच्यावर कोणी मारला की मला वाईट वाटते. मागे पडणे हे त्या काळातल्या प्रत्येक यंत्राच्या नशिबी होते. मुंबईच्या दमट हवेत २,७०० व्हॉल्व्ह एकाच वेळी धडधाकट ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने एक रेडिओ जरी दुरुस्त केला असेल त्याला सांगावे लागणार नाही.

कड्यांची सद्दी संपवली ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने. १९६६मध्ये तो ज्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे विजेच्या सूक्ष्म खटक्यांच्या, स्मृतीवर काम करत होता तिच्यात एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर लागत. कड्यांहूनही साध्या रचनेच्या एका नव्या चुंबकीय स्मृतीविषयी सहकाऱ्यांचे व्याख्यान ऐकून तो घरी आला तो अस्वस्थ होऊनच; आपल्या कामात इतका पसारा का, हा विचार त्याला सोडेना. त्या संध्याकाळी घरी बसल्या बसल्या त्याला सुचले की बिट म्हणजे केवळ विद्युतभाराचा एक थेंब असू शकतो, एका कपॅसिटरमध्ये, म्हणजे भार साठवणाऱ्या भागात, ठेवलेला, आणि त्याला दार म्हणून एक ट्रान्झिस्टर पुरे. पेटंट १९६८मध्ये मिळाले. १९७०मध्ये इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली. तिच्यात बिटाला तीन ट्रान्झिस्टर होते, डेनार्डची एका ट्रान्झिस्टरची रचना त्यानंतर सार्वत्रिक झाली, पण भार साठवण्याचे तत्त्व तेच होते आणि तेवढ्याने कड्या ओवणाऱ्या कारखान्यांचे दिवस मोजले गेले.

डेनार्डच्या थेंबाचे दोन दोष आहेत. तो वाचला की सांडतो, आणि न वाचताही झिरपून जातो. उपाय एकच, वँग यांचा आणि किलबर्नचा, आणि त्याही आधी पाऱ्याच्या नळीशी बसलेल्या एकर्टचा: संपण्याआधी वाचा आणि होते तसे पुन्हा लिहा. आजच्या संगणकात आणि खिशातल्या फोनमध्ये हे साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी चालते, म्हणजे प्रत्येक बिट सेकंदाला १५ वेळा नव्याने लिहिला जातो. मी हा लेख लिहीत असताना थांबून विचार करतो तेव्हाही हे थांबत नाही. पडद्यावरचे हे वाक्य तेवढ्या वेळात शेकडो वेळा पुसट होऊन पुन्हा गडद झालेले असते. वीज गेली की ते नाहीसे होईल.

चौकटीतल्या कड्यांना मात्र विजेची गरज नाही. चुंबकत्व जागच्या जागी राहते, म्हणून संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केला तरी कोअर मेमरीत आदल्या दिवसाचा मजकूर तसाच सापडे. त्या अर्थी माझ्या पेटीतल्या ४,०९६ कड्यांत, जोराचे चुंबक कधी जवळ आले नसेल तर, यंत्र शेवटचे बंद झाले त्या क्षणी जे होते ते अजूनही असले पाहिजे. कोणाच्या पगाराची बेरीज, एखाद्या समीकरणाची अर्धवट पायरी, किंवा नुसतीच शून्ये. एका मित्राने ती वाचून देण्याची तयारी दाखवली आहे. तारांना योग्य तेवढी वीज देणारे मंडल आता सहज बनवता येते. परंतु वाचले की कडी शून्य होणार, आणि थरथर टिपण्यात आमची एखादी चूक झाली तर पुन्हा लिहायला काही उरणार नाही. आधी एका कोऱ्या चौकटीवर हात बसवावा असे आमचे ठरले आहे. तशी चौकट मिळते का हे पाहायला पुढच्या महिन्यात मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला जाणार आहे.